मार्गदर्शक भेटी बंद करू नका : जिल्हा आरोग्य प्रशासनास खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीचे सर्व सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

उपकेंद्रांवरच्या आरोग्यसेविकांना कुटुंबनियोजनाच्या कामात हाताशी धरून शिकवण्यासाठी अनुभवी सहायिकांनी द्यायच्या भेटी यापुढे होणार नाहीत, असं पत्र आपल्या कार्यालयातून तालुक्यांना गेलं आहे. त्याऐवजी सेविकांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहायचे, शेवटची चाचणी सोडवायची आणि प्रमाणपत्र डाउनलोड करून ग्रुपवर टाकायचं. भेटी देणाऱ्या सहायिकांना तालुक्याला बसवून ऑनलाइन नोंदींचा अनुशेष भरायला लावलं आहे. पत्रात कारण दिलंय ते प्रवासखर्चातल्या बचतीचं आणि ‘प्रशिक्षणातील एकसूत्रते’चं.

मी आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. त्याआधी नोकरीची बरीच वर्षं बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या उपकेंद्रांवर एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, होते. निवृत्तीनंतर मानधनावर या भेटी देणाऱ्यांत मीही होते. म्हणजे या निर्णयाने माझं मानधन गेलं. हे आधीच सांगून टाकते, मागाहून कुणी शोधून काढायला नको. पण मानधनासाठीच लिहायचं असतं तर साधा अर्ज केला असता आणि तो आपल्या आवक-जावकमध्ये निवांत पडला असता. हे उघड लिहितेय, कारण ज्या बायकांवर या निर्णयाचा परिणाम होणार आहे त्यांना आपल्या पत्राची प्रत गेलेली नाही.

कुटुंबनियोजन म्हटलं की कार्यालयात अजूनही ऑपरेशनचा आकडाच आधी आठवतो. त्याला कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं, पुरुष नसबंदी होती ०.३ टक्के. आपल्या राज्यात तर ऑपरेशन झालेल्या स्त्रियांचं प्रमाण निम्म्याच्या घरात आहे. लग्न अठराच्या आत (याच सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या मुलींपैकी २१.९ टक्के मुलींचं तसं झालेलं), लागोपाठ दोन बाळंतपणं आणि पंचविशीच्या आतबाहेर ऑपरेशन, हा आमच्याकडचा ठरलेला रस्ता. मध्ये पाळणा लांबवायला कुणी शिकवलंच नाही. ज्यांना मूल नको आहे किंवा इतक्यात नको आहे, पण हातात कुठलंच साधन नाही, अशा विवाहित स्त्रिया देशात शंभरातल्या नऊहून जास्त निघाल्या. त्या आमच्याच वाड्या-तांड्यांवर राहतात.

२०१७ पासून सरकारी यंत्रणेत ‘अंतरा’ची सुई आणि ‘छाया’च्या गोळ्या आल्या. गर्भाशयात बसवायची तांबी (कॉपर-टी) आणि माला-एनच्या रोजच्या गोळ्या होत्याच. साधनं वाढली तशी ती समजावून सांगायची जबाबदारीही वाढली. ऑपरेशनला बाईला गाडीत बसवून नेलं की काम संपायचं. अंतराला मात्र तिला दर तीन महिन्यांनी परत यावं लागतं, आणि ती परत येते की नाही हे पहिल्या दिवशी सेविका तिच्याशी काय बोलली यावर ठरतं.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार व्हिडिओबद्दलच. ते चांगले आहेत, मी सगळे पाहिलेत. पण अंतराची सुई देऊन झाल्यावर एका नव्या सेविकेने कापसाचा बोळा घेतला आणि सवयीने ती जागा चांगली खसाखसा चोळली. अंतराची जागा चोळायची नसते. चोळलं की औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिने पुरायचं ते आधीच संपायची भीती असते. हे व्हिडिओत आहे, चाचणीत त्यावर प्रश्नही आहे, आणि या मुलीने त्याचं उत्तर बरोबर दिलं होतं. तिच्या डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. मी शेजारी होते म्हणून तिचा हात धरला. त्या बाईलाही सांगितलं की घरी गेल्यावर शेकू नको, चोळू नको. पुढच्या बाईच्या वेळी सेविका स्वतःच बोळा नुसता टेकवून थांबली. प्रवासखर्चाच्या कुठल्या रकान्यात ही नोंद करायची ते मला आजवर कळलेलं नाही.

तांबीचं तर विचारूच नका. माझी पहिली तांबी बसवताना आमच्या तेव्हाच्या सहायिकाबाई माझ्या कोपराला कोपर लावून उभ्या होत्या. “सळई ढकलू नकोस. जिथं थांबली तिथं तूही थांब,” एवढंच त्या हळू आवाजात सांगत होत्या. टेबलावरच्या बाईला वाटत होतं, दोघी मिळून तपासतायत. गर्भाशय पुढे झुकलंय की मागे, हे बोटांनी आधी पाहायचं आणि मगच गर्भाशयाची खोली मोजायची सळई हातात घ्यायची, हा क्रम त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतला की पुढे तो चुकवायचं धाडस झालं नाही. आजच्या मुलींना प्रशिक्षण केंद्रात रबरी मॉडेलवर हात बसवायला मिळतो, गर्दी असली तर तोही पुरेसा नाही. मग त्या उपकेंद्रावर येतात आणि तांबीची बाई आली की तिला ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता दाखवतात. मी त्यांना भित्र्या म्हणणार नाही. शेजारी कुणी नसताना पोटात सळई घालायला न धजावणारी मुलगी शहाणीच आहे. पण बाई बसभाडं खर्चून तालुक्याला जात नाही. ती घरी जाते, आणि पाच-सहा महिन्यांनी गरोदर म्हणून आपल्याच नोंदवहीत येते.

दुसरी तक्रार : भेट आणि तपासणी यांत आपलं प्रशासन फरक करत नाही. वरिष्ठ येतात, नोंदवह्या मागतात, पात्र जोडप्यांची यादी अद्ययावत नाही म्हणून रागावतात, व्हिजिट बुकात ‘कामात सुधारणा आवश्यक’ असा शेरा मारून निघतात. सुधारणा कशी करायची हे त्या पानावर आजवर कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही. अशा भेटीत सेविका आपल्याला काय येत नाही ते लपवते, आणि लपवणारच. मार्गदर्शक बाईला ती सांगते. एकीने मला ओट्यावर चहा पिता पिता विचारलं होतं, “बाई, छायाच्या गोळ्या आठवड्यातून दोनदा द्यायच्या का एकदा? खरं सांगते, मी दोन्ही सांगते.” पहिले तीन महिने दोनदा, मग आठवड्यातून एकदा. हा प्रश्न ती आढावा बैठकीत विचारील असं आपल्याला वाटतं का? तिथे तर ‘शून्य काम असलेल्यांनी उभे राहा’ असा पुकारा होतो.

आम्ही त्यावर एक साधा तोडगा काढला होता. बाईच्या घरातल्या कॅलेंडरवर गोळीच्या वारांना टिकली चिकटवायची, तीन महिन्यांपुरती दोन वारांना आणि पुढे एकाच वाराला. भिंतीवर टिकल्या संपल्या की बाई आशाताईला स्वतः हाक मारते. ही युक्ती एका आशाताईची. मी ती फक्त दुसऱ्या गावांत नेली. मार्गदर्शकाचं निम्मं काम एका गावातलं शहाणपण दुसऱ्या गावात पोचवण्याचंच असतं. निरोधच्या पेटीचंही तसंच. एका उपकेंद्रात ती दर्शनी भिंतीला, समोरच्या पाराच्या नजरेत टांगलेली होती. कुणी हात लावत नव्हतं. सेविकेने ती मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ हलवली आणि ती रिकामी होऊ लागली. असं व्हिडिओत येत नाही, कारण व्हिडिओ बनवणाऱ्याने तो पार पाहिलेला नाही.

तिसरी गोष्ट ऊसतोडीची, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

दसरा झाला की आमच्या गावांतून टोळ्या निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. परत यायला पाडवा उजाडतो, कधी त्याहून उशीर. दसऱ्याच्या सुमारास अंतरा घेतलेल्या बाईची पुढची तारीख संक्रांतीच्या मागेपुढे पडते. तेव्हा ती कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर खोपीत असते आणि पहाटेच फडात जाते. गावाकडे सेविकेच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ असं येतं. ऑनलाइन अहवालात ‘साधन सोडलं’ असं दिसतं, आणि आपल्याकडून विचारणा येते की गळती का वाढली. गळती नाही साहेब, स्थलांतर आहे.

अनुभवी बाईला यात करण्यासारखं पुष्कळ असतं. ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी सुई देता येते, उशीर झाला तरी चार आठवड्यांपर्यंत चालते. हे गणित माहीत असलं की टोळी निघायच्या तोंडावर कुणाची सुई अलीकडे ओढायची ते ठरवता येतं. बाईच्या हातात अंतराचं कार्ड द्यायचं आणि सांगायचं की कुठल्याही सरकारी केंद्रात हे दाखव. जिला फडातून केंद्रापर्यंत जाणं जमणारच नाही तिला निघण्याआधीच दुसरं साधन सुचवायचं, आणि गोळ्या घेणार असेल तर हंगामभर पुरतील एवढी पाकिटं बांधून द्यायची. अंगावर पिणारं बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर माला-एन द्यायची नाही, छाया चालते. मुकादमाच्या बायकोला विश्वासात घ्यायचं, कारण तळावर बायका तिचं ऐकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पाळी थांबली तर घाबरू नको हे निघण्याआधी सांगायचं.

हे शेवटचं न सांगितल्याने काय होतं ते मी पाहिलंय. अंतरावर असताना पाळी अनियमित होते, कधी थोडंथोडं अंगावरून जात राहतं, पुढे काही जणींची पाळी थांबतेच. औषधाचा तो अपेक्षित परिणाम आहे, सुई बंद केली की पाळी परत सुरू होते, मात्र दिवस राहायला शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने लागू शकतात. पण सासू म्हणते, “घाण आतच साचत चाललीय, गोळा होईल पोटात.” तळावर कुणीतरी पिशवी काढायचा सल्ला देतं. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या कमी वयात काढल्या गेल्याचं प्रकरण २०१९ साली राज्यभर गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या तक्रारीची भीती घालून बाईला कुठवर नेता येतं हे त्यानंतर आपल्याला कुणी सांगायला नको. उपकेंद्रावर वेळेत झालेलं दहा मिनिटांचं बोलणं तिला त्या वाटेला जाण्यापासून अडवू शकतं. मात्र ते बोलणं सेविकेला सासूसमोर, सासूचा मान ठेवून करता यायला हवं. ते कसं करायचं हे ती दुसऱ्या बाईला करताना पाहूनच शिकते.

चौथी तक्रार थोडक्यात सांगते, कारण ती आपल्याला माहीत आहे. १९९६ पासून कागदावर कुटुंबनियोजनाला उद्दिष्ट नाही. ‘अपेक्षित पातळी’ असं नाव बदललं, फेब्रुवारी-मार्चमधली घाई तशीच राहिली. २०१४ साली छत्तीसगडमधल्या बिलासपूरच्या शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली आणि त्यांतल्या डझनभराहून जास्त दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं. शिबिरं कमी झाली, पण आकड्याचा दट्ट्या आता बाळंतपणानंतरच्या तांबीवर आलाय. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवायची ही तांबी उत्तम साधन आहे, पण बाईला नववा लागायच्या आधी नीट विचारलेलं असलं तर. कळा देणाऱ्या बाईची सही घेऊन बसवलेली तांबी पुढे सोनोग्राफीत सापडते तेव्हा तो सगळा वाडा पुन्हा कधी तांबी घेत नाही. गरोदरपणातच हे बोलून ठेवायचं, हा धडा मार्गदर्शक भेटींतला होता. तोही आता गेला.

पाचवी : पुरुष. नसबंदीचा आकडा वर दिलाच आहे. बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी सोपी आहे, तरी गावातल्या पुरुषांशी त्यावर बोलायला आपण पाठवतो कुणाला, तर आशाताईला, जी त्या गावची सून आहे. निरोध घरपोच करण्याची योजना २०११ साली आली तेव्हा तीन नगांच्या पाकिटामागे तिला एक रुपया ठरला होता. आरोग्यसेवक मात्र डासांच्या अळ्या आणि रक्ताचे नमुने यांतून वर येत नाही. त्याला या विषयात कुणी कधी तयारच केलेलं नाही. माझी जी काही भेटींची वही आहे तिच्यात आरोग्यसेवकांसाठीची पानं जवळपास कोरी आहेत, आणि हा दोष जुन्या योजनेचाही होता.

हे सगळं महागडं स्वप्न आहे असं म्हणू नका. शेजारच्या जामखेडला १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने गावोगावच्या आरोग्याचं जे काम उभं केलं त्याचा कणाच हा होता. गावातल्या बायका, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, ठरावीक दिवशी जामखेडला जमायच्या, आठवड्यात काय घडलं ते सांगायच्या, अडलेलं एकमेकींकडून शिकायच्या आणि परत जायच्या. जग ते पाहायला आलं, १९७९ साली दोघांना मॅगसेसे मिळाला. अलीकडे उत्तर कर्नाटकात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या बाळंतपणांसाठी मार्गदर्शक परिचारिका नेमून असंच काम झालं. म्हणजे पश्चिमेला, दक्षिणेला, आपल्या आसपासच उदाहरणं आहेत. आणि र. धों. कर्व्यांनी १९२१ साली ज्या राज्यात संततिनियमनाचं केंद्र काढलं, तिथे शंभर वर्षांनी सेविकेला ‘व्हिडिओ पाहून घे’ म्हणावं लागतंय.

आमच्या मागण्या अशा आहेत :

१. मार्गदर्शक भेटी बंद करण्याचं पत्र मागे घ्यावं. व्हिडिओ चालू ठेवा, आमची हरकत नाही. ते भेटीच्या आधी पाहायला उपयोगी आहेत.

२. प्रत्येक नव्या आरोग्यसेविकेला पहिलं वर्षभर एक ठरलेली मार्गदर्शक असावी आणि महिन्यातून निदान एक पूर्ण दिवस तिने तिच्याबरोबर काढावा. तो लसीकरणाचा दिवस नसावा, कारण त्या दिवशी कुणालाच मान वर करायला वेळ नसतो.

३. मार्गदर्शकाच्या नोंदींवरून कुणालाही ‘कारणे दाखवा’ नोटीस निघू नये. एकदा जरी तसं झालं तरी सेविका आपल्या अडचणी सांगणं थांबवतील.

४. तांबी बसवण्याचं प्रमाणपत्र देण्याआधी अनुभवी व्यक्तीने त्या सेविकेचे हात प्रत्यक्ष काम करताना पाहिलेले असावेत. किती केसेस हा आकडा आपल्या तज्ज्ञांनी ठरवावा, पण तो शून्य नसावा.

५. टोळ्या निघण्याआधीच्या महिन्यात स्थलांतर करणाऱ्या गावांत सेविका आणि मार्गदर्शक यांनी मिळून घरोघर जावं, आणि अंतरा व गोळ्यांचा साठा तेव्हा उपकेंद्रावर असावा. साठ्याची मागणी ऑगस्टमध्ये गेली नाही तर तो वेळेत येत नाही, हे औषधभांडारात विचारून घ्यावं.

६. आरोग्यसेवकांनाही या मार्गदर्शनात घ्यावं. पुरुषांशी बोलायला पुरुष पाठवा.

७. गटप्रवर्तकांवरचं ऑनलाइन माहिती भरण्याचं ओझं कमी करावं. वीसेक आशांना सांभाळणाऱ्या बाईला मोबाइलमधून मान काढता आली तर ती उत्तम मार्गदर्शक होईल. शिवाय आरोग्य सहायिकांची रिकामी पदं भरावीत, म्हणजे माझ्यासारख्या निवृत्तांना मानधनावर बोलवायची वेळच येणार नाही.

८. मार्गदर्शकाचा प्रवासभत्ता त्या-त्या महिन्यात मिळावा. स्वतःच्या स्कूटीत पेट्रोल टाकून डोंगर चढणाऱ्या बायकांमुळेच ही योजना इतके दिवस चालली.

या मागण्यांवर चर्चेसाठी आपण बोलवाल तेव्हा आम्ही काही जणी येऊ. सध्या नोकरीत असलेल्या सेविकांना मात्र या पत्रावरून कुणी जाब विचारू नये. त्यांनी हे लिहिलेलं नाही, मी लिहिलं आहे. उत्तर दसऱ्याच्या महिनाभर आधी मिळालं तर यंदाच्या टोळ्यांसाठी काही करता येईल. त्यानंतर आलेल्या उत्तराचा उपयोग पुढच्या हंगामालाच.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहायिका